आकाशपाळण्याचा जुना बोल्ट

लोखंड लोखंडाशी बोलायचं, त्या काळातली ही गोष्ट. जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या आसाला एक लांबलचक बोल्ट होता. सगळा पाळणा आपणच पेललाय, अशी त्याची ऐट. पण त्या वर्षी त्याच्या पोटात बारीक चीर गेली होती. बाहेरून दिसायला मात्र तो ठणठणीत.

जत्रेच्या सकाळी पाळणेवाला केरबा हातोडीने एकेक बोल्ट वाजवत वर चढला. बाकीचे छान खणखणले. आपली पाळी आली तशी बोल्ट हातोडीच्या कानाशी कुजबुजला, "बाई गं, माझी चीर सांगू नकोस. भंगारात टाकतील मला."

"मी कुणाचं काही सांगत नाही रे," हातोडी म्हणाली. "मी नुसती विचारते. उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं."

बोल्टाने श्वास रोखून अंग आवळलं. ठोका पडला आणि आवाज जवळजवळ खणखणीत आला. केरबा जरा घुटमळला, त्याने हातोडी पुन्हा उचलली. तेवढ्यात खालून एक पोरगी ओरडली, "आये, मी सगळ्यात वरच्या पाळण्यात बसणार!"

बोल्टाने श्वास सोडून दिला. ठोका पडला. आवाज आला, "थप्प."

केरबाने तिथे नवा बोल्ट बसवला आणि जुना शेळी बांधायला जमिनीत ठोकला.

संध्याकाळी पाळणा गरगरू लागला. शेजारी पडलेल्या हातोडीने हळूच विचारलं, "वाईट वाटतंय का रे?"

"थांब जरा," वर बघत बोल्ट म्हणाला. "ती पोरगी खाली उतरू दे, मग बोलू."