अर्जुनाच्या खोडावरचा कायदा

माणसाची कुऱ्हाड रानात यायच्या आधीची गोष्ट. तळ्यावर रोज मारामाऱ्या होत, म्हणून जनावरांनी सभा भरवून ठरवलं, की अर्जुनाच्या झाडाकडून हरणांनी प्यायचं आणि पलीकडून रानडुकरांनी. सुतारपक्ष्याने तो कायदा खुणांनी अर्जुनाच्या खोडावर कोरला. इतकं पक्कं काम आपल्या चोचीला पूर्वी कधी जमलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

चैत्रात तळं आटलं. अर्जुनाकडची बाजू भेगाळली, उरलंसुरलं पाणी डुकरांकडे राहिलं. पाडसं कोरडी माती चाटू लागली.

डुकरं म्हणाली, "आमचा काय दोष? खोडावर बघा."

"बरोबर आहे," सुतारपक्षी म्हणाला. "कायदा सगळ्यांनी मिळूनच केलाय."

"केला तेव्हा पाणी होतं," म्हातारं कासव म्हणालं. "आता ज्यांचा घसा कोरडा पडलाय, त्यांना विचारू या."

सभा पुन्हा भरली. डुकरांनी कुरकुर केली, पण उद्या पाणी अर्जुनाकडे सरकलं तर आपली काय गत, हे त्यांनाही उमगलं. पंधरवडाभर हरणांनी सकाळी प्यावं, डुकरांनी संध्याकाळी, असं करून बघायचं ठरलं. कासवाने ते काठच्या गाळात नखाने रेखलं.

सुतारपक्षी भडकला. "अहो कासवदादा, एका सरीत पुसलं जाईल हे!"

"जाऊ दे की. म्हणजे सगळ्यांना परत बोलवावं लागेल."

पुढे पाऊस आला आणि गाळावरच्या रेघा गेल्या. सुतारपक्षी अर्जुनावर जाऊन बसला. त्याची टकटक ऐकून जनावरं तळ्यावर गोळा झाली. खोडावर मात्र नवी खूण एकही नव्हती.