ठकूचं मऊ गवत

फार जुन्या काळची गोष्ट. एका उंच माळावर गवळ्यांची वाडी होती. माळावर गवत उदंड, पण सगळं कुसळी. ते वाळलं की त्याची टोकदार कुसळं गाईंच्या जिभेत, हिरड्यांत रुतायची. गाई अर्धपोटी राहायच्या, वासरं खुरटायची.

वाडीत ठकू नावाची गवळण होती. नवऱ्यामागे तिचा सगळा जीव गुरांवर. एकदा तिची गाय सारा माळ सोडून एकाच ठोंबाशी अडून बसली. ठकूनं वाकून पाहिलं, तर त्या गवताला कुसळच नव्हतं, पानंही मऊ. तिनं ठोंबाभोवती काटेरी कुंपण घातलं, बी धरलं आणि पुढच्या पावसाळ्यात परसात पेरलं. कुसळावर जाणारं रोप ती उपटून टाकी. मऊ आणि उंच निघेल त्याचंच बी राखी. असं करता करता तिचे केस पिकले. पण त्या गवतावर तिची वासरं अशी अंगानं भरली, की येणारेजाणारे बघत उभे राहायचे.

एका सकाळी सगळी वाडी तिच्या दारात आली. पुढे तिचा धाकटा दीर रावबा होता.

"वहिनी, बी द्या. माळ नांगरतो आणि हेच पेरतो."

ठकू चाचरली. "भावजी, या गवतानं कोरडं वर्ष पाहिलेलं नाही. मी पाणी घालून वाढवलंय त्याला. थोड्या तुकड्यात पेरून बघा, बाकी माळ राहू दे."

"तुझी वासरं पोसली, आमची मरू देत उपाशी, असंच ना?" मागून एक बाई बोलली.

ते ठकूच्या जिव्हारी लागलं. शिवाय इतकी माणसं आपल्या दारी आली, याचं सुखही होतंच. ती पुढे काही बोलली नाही. तिनं कणगी उघडून दिली.

माळ नांगरला गेला. पहिल्या वर्षी दुधाला भांडी पुरेनात. पुढच्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. मऊ गवताची मुळं वरच्यावरच होती. ते पिवळं पडलं, मग हात लागताच त्याचा चुरा होऊ लागला. कुसळी गवत वाळूनही उभं राहिलं असतं, त्यावर गुरं कशीबशी तगली असती. आता माती धरून ठेवायलाही काही नव्हतं. ती वाऱ्यानं नेली. गाई गोठ्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

वाडी उठली. पाठीवर बोचकं घेऊन निघालेला रावबा ठकूच्या गोठ्याशी थांबला.

"वहिनी, तुम्हाला बोल नाही. तुम्ही नको म्हणाला होतात."

"एकदाच म्हणाले," ठकू म्हणाली. "मग गप्प बसले."

रावबा खाली मान घालून चालू लागला. ठकू मेलेल्या गाईच्या मानेवर हात ठेवून तिथेच बसून राहिली.

तात्पर्य: नवं कितीही चांगलं दिसलं, तरी वाईट काळात त्याची पारख होईपर्यंत जुनं मोडू नये, आणि ज्याला धोका दिसतो, त्यानं एकदाच सांगून गप्प बसू नये.