दोनशे ऐंशी नमस्कार

निवृत्त प्राचार्य गजेंद्रगडकर रोज संध्याकाळी आमच्या ऑनलाइन वाचक मंडळात स्वतःच्या आठवणी वाचून दाखवत. वाचन संपलं की सभासद हात जोडल्याचं चित्र पाठवत. दृष्टी गेलेल्या यमुताई ढवळीकर मात्र बोलून तक्रार पाठवत. कधी आवाज खरखरतो, कधी सर फार भरभर वाचतात.

रविवारी सरांनी सगळ्यांसमोर विषय काढला. "दोनशे ऐंशी माणसं नमस्कार करतात आणि एक बाई कुरकुरते! त्यांना मंडळातून काढावं म्हणतो मी."

मीही मान डोलावली. ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काढा हो सर," यमुताई म्हणाल्या. "पण काल नमस्कार किती आले?"

"दोनशे ऐंशी! कालचं वाचन सगळ्यांत चांगलं झालं."

"काल मध्येच तुमचा माइक बंद पडला. मी कळवलं, तर तुम्ही माझा निरोप न ऐकताच पुसलात. मग या मंडळींनी नमस्कार केला तो कशाला?"

सरांनी तिथंच रेकॉर्डिंग लावलं. पंधराव्या मिनिटाला आवाज गेला होता. पुढं अर्धा तास सरांचे नुसते ओठ हलत होते.

काल त्यांनी पत्नीचा शेवटचा दिवस वाचला होता. दोनशे ऐंशीतला एक नमस्कार माझा होता.

रेकॉर्डिंग बंद करून सर म्हणाले, "यमुताई, तुम्ही कुठवर ऐकलंत?"

"वहिनींनी पाणी मागितलं, तिथवर. पुढं काय झालं हो?"

सरांनी वही उघडली.

"आणि सर, जरा सावकाश वाचा."