नारळाहून लहान

"सटवा, शत्रूच्या पोटात शिरून फुटेल अशी गोळी कर. पण तीच उचलून त्याने आपल्यावर झाडली, तर फुसकी निघाली पाहिजे! दसऱ्यापर्यंत जमलं नाही, तर तुलाच तोफेच्या तोंडी देईन!"

मानकोजीराजांचा हुकूम ऐकून बंदुकीची दारू बनवणाऱ्या सटवाने कपाळावर हात मारून घेतला. चूक त्याचीच. शत्रूचे दारूगाडे उडवायला फुटणारी गोळी त्यानेच काढली होती. त्या खटाटोपात अर्धी मिशी जळाली, आणि उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ देत दरबारात बढाई मारायला हाच शहाणा गेला! आता राजांना गाडे नव्हे, माणसं उडवायची होती. आणि शत्रूच्याच फौजेत सटवाचा सख्खा जावई, येसू!

"वा रे सटवा!" तो स्वतःलाच म्हणाला. "लेकीचं कुंकू पुसायला स्वतःच्या हातानं दारू कुटलीस! मिशीबरोबर अक्कलही जळाली काय?"

दसऱ्याला राजे रिवाजाप्रमाणे सीमोल्लंघनाला निघाले. सीमेच्या ओढ्यापलीकडे शेजारचे राजे फौजेसह आपट्याची पानं घेऊन उभे होते. त्या एका दिवशी वैर बंद.

"झाली गोळी?"

"बंदुकीत भरलीसुद्धा, महाराज! फक्त शत्रू कोण, ते तिला सांगायचं राहिलंय. मी पडलो अर्धमिशा, मला काय कळतंय? आपणच सांगा!"

"मूर्खा, ओढ्यापलीकडे असेल तो शत्रू!"

"ऐकलंस गं बये?" सटवा नळीत तोंड घालून ओरडला. "ओढ्यापलीकडे असेल तो! चला महाराज, मुहूर्त टळतोय. ओलांडा सीमा!"

राजांचा उचललेला पाय अधांतरीच राहिला.

"अरे, पण मी तिचा धनी! मला ओळखेल ना?"

"पोटात शिरल्यावर कुठली ओळख, महाराज? आत सगळा अंधार! आपलं काय नि त्यांचं काय, पोट ते पोट!"

राजांनी एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या राजांच्या. मग राजे एका पायावर असे काही हसले, की पागोटं ओढ्यात पडलं! त्यांनी सीमापूजेचा नारळ उंच धरला.

"याहून लहान, फुटणारं काहीही माणसावर झाडायचं नाही! कबूल?"

"कबूल!" पलीकडून आवाज आला, आणि तिथेच तसं कोरलेली शिळा रोवली गेली.

सटवाच्या हातात राजांनी सोन्याचं कडं घातलं. "आणखी काय हवं?"

"जळालेली अर्धी मिशी, महाराज!"

"ती तुझी तूच वाढव!"

ओढ्यापलीकडे येसू आपलं धडधाकट पोट धरधरून हसत होता.