सांबराचा मुखवटा

तुमच्या-माझ्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते, त्याच्याही पुष्कळ आधीची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात मुखवटे करणारा एक कारागीर राहत असे. मातीच्या साच्यावर कागदाचा लगदा थापायचा, चिंचोक्याची खळ लावून वर चिंध्या चिकटवायच्या, वाळवायचे आणि रंगवायचे, हा त्याचा धंदा. लगदा आणि रंग त्याचे, खळ मात्र बायकोची. चिंचोके भिजवणे, सोलणे, वाटणे आणि मंद आचेवर ढवळत बसणे हे काम ती लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती.

लग्नाला नऊ वर्षे झाली होती. कारागिराचे बायकोवर प्रेम होते. होते म्हणजे काय, अतीच होते. ती विहिरीवर गेली की हा कुंपणापाशी येऊन उभा. कासाराकडे बांगड्या भरताना ती हसली, तर त्या दिवशी याला जेवण गोड लागायचे नाही. आणि रोज पानावर बसला की एक प्रश्न ठरलेला.

"तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?"

"आहे हो."

"खरंच?"

"खरंच."

"मग एवढ्या हळू का म्हणालीस?"

बिचारी कधी हसून उत्तर देई, कधी कंटाळून. कंटाळून दिले की याचा संशय वाढे, हसून दिले की आणखी वाढे. अशा माणसाला काय म्हणावे, तुम्हीच सांगा.

त्या गावात चैत्रात पंधरा दिवस सोंगांचा उत्सव असे. पुरुष अंगाला गेरू फासून, मुखवटे घालून भरदुपारी गावभर फिरत. ज्याने मुखवटा घातला त्याने बोलायचे नाही आणि त्याला कोणी नाव विचारायचे नाही, अशी रीत होती. सोंग दारात आले की पाणी द्यायचे, गूळ द्यायचा. वाघ येई, अस्वल येई, कुबडी म्हातारी येई. आत शेजारचाच कोणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणी तसे बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी कारागिराच्या डोक्यात एक किडा वळवळला. तो बायकोला म्हणाला, "पलीकडच्या राज्यात मुखवटे विकायला जातो. उत्सव संपला की येईन."

तिने दशम्या बांधून दिल्या आणि वेशीपर्यंत पोचवायला आली. हा वेशीबाहेर गेला, टेकडीला वळसा घातला आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला आपल्या मित्राच्या भट्टीमागे येऊन लपला. हा मित्र कुंभार होता. भला माणूस, पण भिडेला बळी पडणारा.

तिथल्या खोपटात कारागिराने नवा मुखवटा केला. सांबराचा. मोठे ओले डोळे, रुंद शिंगे. असा मुखवटा त्याने आधी कधी केला नव्हता, तेव्हा बायको ओळखणार नाही याची त्याला खात्री होती. खळही त्याने स्वतः शिजवली, जन्मात पहिल्यांदा. आच मोठी राहिली, खळ तळाला लागली आणि करपली. ते त्याच्या ध्यानातही आले नाही, कारण त्याचे सगळे लक्ष कुडाच्या फटीतून दिसणाऱ्या आपल्या घराकडे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांबर कारागिराच्या दारात उभे राहिले. बायको अंगणात सांडगे वाळत घालत होती. ती पाणी घेऊन जवळ आली, थबकली, आणि तिच्या भुवया क्षणभर वर गेल्या. मग तिने पाणी दिले. गूळ देताना तिची बोटे त्याच्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळली.

त्या दिवशी सांबर नुसतेच परत गेले. दुसऱ्या दिवशी तिने दारावरच्या मोगऱ्याची फुले तोडून त्याच्या शिंगांवर खोवली. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा हात धरला, त्याला आत घेतले आणि दाराला कडी लावली.

आत शिरताना शिंगे चौकटीला अडकली आणि ती खळखळून हसली. तिने मुखवट्याच्या गालावरून सावकाश बोट फिरवले. बोट कागदावरून फिरत होते आणि काटा आतल्या माणसाच्या अंगावर उभा राहत होता. तिने केस सोडले. बाहेर ऊन रणरणत होते, आत शेणाने सारवलेली गार जमीन होती, आणि दोन माणसे होती ज्यांतले एकही बोलत नव्हते. पुढचे मी सांगत नाही. मोठ्यांना कळले असेल, लहानांनी मोठे होईपर्यंत थांबावे.

सांबर परतले तेव्हा मुखवट्याच्या आत कारागीर रडत होता. नऊ वर्षांत ती त्याच्याशी अशी कधी वागली नव्हती. इतकी आपण होऊन, इतकी मोकळी. त्याला आनंद झाला होता, आणि आनंद झाला म्हणून संताप आला होता. तो सांबराचा हेवा करू लागला. सांबर तर तोच होता! पण रोज दुपारी तो तिच्याकडे जाई, सुखात बुडून जाई, आणि रोज संध्याकाळी खोपटात बसून डोके धरी.

"तिनं मला ओळखलं असेल, तर तिच्यासारखी बायको नाही," तो कुंभाराला म्हणाला. "आणि ओळखलं नसेल, तर तिच्यासारखी लबाड नाही. यातलं काय खरं?"

"अरे, जा आणि विचार तिला," कुंभार म्हणाला.

"विचारून काय होणार? ती म्हणेल, ओळखलं होतं. ओळखलं असो वा नसो, तेच म्हणेल."

इथे माझाही जरा गोंधळ होतो. कारण हे त्याचे म्हणणे काही चूक नव्हते. चूक त्याने पुढे केली.

उत्सव संपायला दोन दिवस उरले असताना त्याने कुंभाराचे पाय धरले. दोघांची उंची सारखी, चण सारखी. "आज हा मुखवटा तू घाल," तो म्हणाला. "तिनं तुलाही आत घेतलं, तर मला काय ते कळेल."

"येडा का काय तू! ती माझी वहिनी आहे."

"म्हणून तर तुला सांगतोय. दुसऱ्या कोणावर भरवसा ठेवू?"

खूप वेळ ना-ना करून कुंभार शेवटी गेला. मी म्हटले ना, भिडेला बळी पडणारा माणूस. कारागीर खोपटात येरझाऱ्या घालत राहिला. कुंभार लवकर आला की उशिरा, हे त्याला नंतर कधीही नक्की सांगता आले नाही. घटकेत आला असे एकदा वाटे, दुपार सरल्यावर आला असे एकदा वाटे.

"दारातूनच परतवलं," कुंभार मुखवटा काढत म्हणाला. "दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि लावून घेतलं. आता हा विषय पुरे."

कारागिराचा जीव भांड्यात पडला. पण पडतो न पडतो तोच त्याला कुंभाराच्या खांद्यावर मोगऱ्याची एक पाकळी दिसली.

"ही कुठली?"

"दारावर वेल आहे तुझ्या. पडली असेल."

"आज वारा कुठंय?"

"आता पाकळी का पडली हे मी वेलाला विचारून येऊ का?" कुंभार वैतागून म्हणाला.

कारागिराने मुखवटा उचलला आणि घराकडे धाव घेतली. बायको ओसरीवर बसली होती. तिच्यासमोर त्याने तो मुखवटा जमिनीवर ठेवला.

ती जराही दचकली नाही. "संपलं का सोंग?" तिने विचारले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. करपलेल्या खळीचा वास चार हातांवरून येत होता. ज्यानं कधी खळ शिजवली नाही, असा मुखवटे करणारा या गावात एकच आहे."

"मग गप्प का राहिलीस?"

"अहो, मला आवडलं म्हणून. मुखवटा घातला की बोलायचं नाही, अशी रीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं नाहीत. नुसते आलात, माझ्याजवळ बसलात. मला वाटलं, माझ्यासाठीच हा खेळ मांडलात. मी रोज सकाळपासून दुपारची वाट बघत होते."

हे ऐकून दुसरा कोणी असता तर तिच्या मांडीवर डोके ठेवून रडला असता. कारागीर म्हणाला, "आणि आज?"

"आज तुम्ही नव्हता. दार उघडलं, चालण्यावरूनच कळलं. लावून घेतलं."

"लगेच?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. दोघांनीही एकच सांगितले होते, आणि नेमके त्याचेच त्याला भय वाटले. दोघांचे म्हणणे इतके जुळते कसे? आधी ठरवून तर ठेवले नाही? एकाने वेगळे सांगितले असते, तरी त्याने त्यातून हेच काढले असते म्हणा.

"मला वाटलं, कुणा टवाळानं तुमचा मुखवटा पळवला," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला त्यानं मारलं तर नसेल ना, या काळजीत मी दुपारपासून बसले होते. म्हणजे तुम्हीच पाठवलंत त्याला?"

तो खाली वाकून मुखवट्यावरची धूळ झटकू लागला.

"तो भला होता म्हणून परत गेला. दार ढकलून आत शिरला असता तर?"

कारागिराने याचा विचारच केला नव्हता. आणि विचार न करताच तो बोलून गेला, "तर मला काय ते कळलं असतं."

मग ती उठली, चार लुगड्यांचे गाठोडे बांधले आणि नदीपलीकडच्या गावी भावाकडे निघून गेली. जाताना ती रडली नाही, भांडली नाही. कारागिराने तेही मनात नोंदवले. जी निर्दोष असेल ती रडणार नाही का, असे त्याला वाटले. मग वाटले, जी दोषी असेल ती भांडणार नाही का? रात्रंदिवस तो हेच उगाळत बसला.

कुंभाराला त्याने इतक्या वेळा तोच प्रश्न विचारला, की कुंभाराने त्याच्याशी बोलणे सोडले. घर खायला उठले. तिच्यावाचून आपण जगू शकत नाही, हे त्याला आता पुरते कळले होते. दोनदा तो नदीपर्यंत गेला आणि दोनदा परतला. तिसऱ्या खेपेला मात्र त्याने नदी ओलांडली.

तिच्या भावाच्या घराचे दार तिनेच उघडले. तो वाळून काटकी झाला होता. त्याला तसे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण खरे सांगायचे तर तिचेही त्याच्यावर प्रेमच होते.

"चल घरी," तो हात जोडून म्हणाला. "चुकलो मी. माझ्यासारखा मूर्ख नाही."

तिने पदराने डोळे पुसले. गाठोडे आणायला ती आत वळली, आणि उंबरठ्यावर थांबली.

"येते," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा. मला विचारायचं आता काही उरलं नाही ना?"

कारागिराने मान खाली घातली. नाही म्हणायला त्याने तोंडही उघडले. एका शब्दाचे काम होते.

"एकच," तो म्हणाला.

तिने दार लावून घेतले. आतून कडी चढल्याचा आवाज आला. तो त्या गावात आठ दिवस राहिला, तिच्या भावाने त्याला रोज बाहेर ओसरीवर जेवू घातले, पण ते दार त्याच्यासाठी पुन्हा उघडले नाही.

तात्पर्य: ज्याला विश्वास ठेवायचाच नाही, त्याला कोणताही पुरावा पुरत नाही, आणि पुरावे मागता मागता तो आपले माणूस घालवून बसतो.