तीस पडद्यांवरचे एक वाक्य

एकदा एका मुलींच्या शाळेत तीस नवे संगणक आले. ते सज्ज करण्याचे काम गावातल्या एका वृद्ध जाणकाराकडे आले आणि त्यांनी ते विश्वासाने शिष्याकडे सोपवले. "एक कोरा संगणक घे. त्यात सगळं नीट बसव, तपास, आणि मग त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरव," एवढेच त्यांनी सांगितले.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसाला कष्टाचा कंटाळा जरा लवकरच येतो. पहिल्यापासून मांडामांड कोण करत बसणार? त्याने स्वतःचाच वापरातला संगणक मूळ धरला आणि त्याची प्रत तिसांवर उतरवून तो मोकळा झाला. एकही संगणक उघडून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मुली संगणकांसमोर बसल्या. वृद्ध आणि शिष्यही काम पाहायला आले होते. बाईंनी संगणक सुरू करायला सांगितले, तशी प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी उमटली. एकीने ती खणखणीत आवाजात वाचली, "म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नाही, नुसती खुर्ची अडवून बसलाय." आणि विचारले, "बाई, म्हातारा कोण?"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. महिन्यापूर्वी सर त्याच्यावर रागावले, तेव्हा ही चिठ्ठी त्यानेच आपल्या संगणकावर लिहिली होती आणि तो ती विसरूनही गेला होता. आता सर आपल्याला दारात उभे करणार नाहीत, आणि ते योग्यच होईल, असे त्याला वाटले. त्याची मान वर होईना.

वृद्धाने चष्मा लावून ओळ वाचली. मग शिष्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. "मला क्षमा कर."

"सर, असं नका करू! लिहिलं मी, लाज मला वाटायला हवी."

"लिहिलंस तू, पण वाक्य माझं आहे. माझे गुरू थकले तेव्हा मी चारचौघांत त्यांच्याविषयी हेच बोलून हशा मिळवायचो. तू नुकताच माझ्याकडे आला होतास, समोर बसून ऐकायचास. ते गेले, माझी माफी मागायची राहून गेली. मी तुला विद्या दिली, तिच्याबरोबर हेही उतरलं."

शिष्याच्या डोळ्यांना धार लागली. वृद्धाने बाईंकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि ते शिष्याला म्हणाले, "आता एक संगणक पुसून कोरा कर. मी शेजारी बसतो."

दोघेही मान खाली घालून कामाला लागले.

आपण ज्याच्यासमोर सहज बोलून जातो, तो ते उतरवून घेत असतो.