टुणकीची उडी आणि रानाची गाडी

एक होती टुणकी. टुणकी म्हणजे एवढीशी बेडकी. अंगठ्याएवढी. तिच्याकडं एकच मोठी गोष्ट होती. उडी!

एका बुधवारी सकाळी टुणकी उठली. बघते तर काय, उडी गेली! पाय टम्म सुजला.

टुणुक... फरफट. टुणुक... फरफट.

दवाखाना होता टेकडीपलीकडे. डॉक्टरीण होती सुगरणबाई, म्हणजे सुगरण पक्षीण. ती फक्त बुधवारी यायची. सूर्य डोक्यावर आला की दार बंद. धाडकन!

आता एवढ्या लांब टुणकी जाणार कशी?

पण रानात एक गाडी होती. सगळ्यांनी मिळून ठेवलेली. तिच्यावर पाटी होती, ‘आजाऱ्याला गाडी फुकट.’ गाडी ओढायचे गाढवकाका.

टुणुक... फरफट. टुणकी गेली गाढवकाकांकडे.

“काका, काका, मला दवाखान्यात न्या ना!”

“नेतो की! गाडी फुकट, पण चिठ्ठी हवी. चिठ्ठीशिवाय गाडी हलत नाही. आधी चिठ्ठी आण, जा!”

टुणुक... फरफट. टुणकी गेली खारूताईकडे. सूर्य झाडाच्या बुंध्याशी होता.

“खारूताई, खारूताई, चिठ्ठी दे.
चिठ्ठी गाढवकाकांना, गाडी मला.
गाडी रानाची, पाळी माझी!”

खारूताईनं शेपटी झटकली. “मी कोरी चिठ्ठी देत नाही बाई! हे घे पान. यावर म्हैसमावशीचा शिक्का हवा. आधी शिक्का आण, जा!”

पान घेतलं पाठीवर. टुणुक... फरफट. टुणकी गेली म्हैसमावशीकडे. सूर्य फांदीशी आला.

“म्हैसमावशी, म्हैसमावशी, शिक्का दे.
शिक्का खारूताईला,
चिठ्ठी गाढवकाकांना, गाडी मला.
गाडी रानाची, पाळी माझी!”

मावशी रवंथ करत होती. “शिक्का म्हणजे माझा खूर. पण खुराला शाई नको? कोरडा शिक्का कुणी मारतं का, वेडाबाई? आधी शाई आण, जा!”

टुणुक... फरफट. टुणकी गेली जांभूळआजोबांकडे. सूर्य वरच्या फांदीशी आला.

“आजोबा, आजोबा, शाई द्या.
शाई म्हैसमावशीला,
शिक्का खारूताईला,
चिठ्ठी गाढवकाकांना, गाडी मला.
गाडी रानाची, पाळी माझी!”

जांभळाचं झाड पुटपुटलं, “शाई माझ्या जांभळांत. पण ती वर, तू खाली. मला हलता येत नाही गं. वारा झोका देईल, तर पडतील. आधी झोका आण, जा!”

टुणुक... फरफट. फरफट... फरफट. टुणकी गेली वाऱ्याकडे. सूर्य अगदी शेंड्याशी आला!

वारा गवतात लोळत होता.

“वारेदादा, वारेदादा, झोका दे.
झोका जांभूळआजोबांना,
शाई म्हैसमावशीला,
शिक्का खारूताईला,
चिठ्ठी गाढवकाकांना, गाडी मला.
गाडी रानाची, पाळी माझी!”

“आज माझी सुट्टी आहे,” वारा म्हणाला. त्यानं कूस बदलली. मग एक डोळा उघडला. “का गं, तुला झालंय तरी काय?”

हे कुणी विचारलंच नव्हतं! टुणकीनं पाय पुढं केला.

“अरे बापरे! केवढा सुजलाय!” वारा उठून बसला. त्यानं पायावर हळूच फुंकर घातली. फूऽऽ. फूऽऽ.

“सुट्टी गेली उडत! चल!”

आणि वारा सुटला. सूंऽऽऽ!

वाऱ्यानं दिला झोका. जांभूळआजोबा हलले. जांभळं पडली टप टप टप!

टुणकीनं एक जांभूळ ढकललं. गडगड गडगड, थेट मावशीच्या पायाशी.

मावशीनं जांभळावर खूर ठेवला. पच्च! मग पानावर ठेवला. ठप्प! जांभळा जांभळा शिक्का!

पान गेलं खारूताईकडे. खारूताईनं दातांनी लिहिलं. कुरु कुरु कुरु. झाली चिठ्ठी!

चिठ्ठी गेली गाढवकाकांकडे. काकांनी ती उलटी धरली. सुलटी धरली. हुंगली. आणि... मचमच मचमच! खाऊनच टाकली!

“काका! चिठ्ठी खाल्लीत?”

“मग? उपाशीपोटी गाडी कोण ओढणार? म्हणून तर म्हटलं, चिठ्ठीशिवाय गाडी हलत नाही!” काकांनी ढेकर दिला. “बस, टुणकीबाई, बस! घट्ट धर!”

खडखड खडखड! गाडी चढली टेकडी. खडखड खडखड! गाडी उतरली टेकडी. सूर्य आला डोक्यावर. सुगरणबाईनं दार ओढलं...

“थांबा होऽऽ!” काका ओरडले. “हॅऽऽको! हॅऽऽको! रानाची गाडी आलीय!”

दार उघडलं.

सुगरणबाईनं पाय पाहिला. चोच घातली. चिमट्यानं काढावा तसा काढला. काय? बाभळीचा काटा! मग तिनं गवताची पट्टी विणली. अशी मऊ, अशी घट्ट.

“मार बघू उडी!”

टुणकीनं डोळे मिटले. पाय दुमडला.

टुणुक!

डोळे उघडले.

टुणुक टुणुक! टुणुक टुणुक! टेबलावर टुणुक! खिडकीत टुणुक! सुगरणबाईच्या डोक्यावर टुणुक!

“अगं उतर, अगं उतर!” सुगरणबाई हसायला लागली.

बाहेर गाढवकाका उभे. “बस गं गाडीत. येताना फुकट, जातानाही फुकट!”

“मी नाही बसणार,” टुणकी म्हणाली. “पुढं कोण पोचतं बघू या, काका!”

पुढं टुणकी, टुणुक टुणुक. मागं गाडी, खडखड खडखड.

कोण जिंकलं? टुणकी!

गोष्ट थांबली टेकडीच्या पायी, ज्याची उडी त्याच्या पायी.